तुम्ही खोलीत नसतानाही ते वाजलं पाहिजे

पत्र

वय २९. ध्वनिमुद्रणाचं रीतसर शिक्षण घेतलंय आणि जाहिरातींच्या ध्वनिसंपादनाची कायम नोकरी आहे. रात्री आणि सुट्टीच्या दिवशी माझं स्वतःचं काम चालतं. वापरात नसलेले लोखंडी पूल, कुंपणाच्या तारा, पाण्याच्या टाक्या यांना पिएझो (कंपनांचं विजेत रूपांतर करणारी छोटी चकती) चिकटवून आतले आवाज रेकॉर्ड करतो आणि त्यातून अनेक स्पीकरसाठी रचना करतो. आता एका कलादालनाने सहा आठवड्यांसाठी आठ स्पीकरचं काम मांडायला बोलावलंय. मानधन नाही, स्पीकर-वायरी माझ्याच, 'पण बघायला खूप लोक येतील' असं क्युरेटर म्हणतात. गेल्या वर्षी एका सामूहिक प्रदर्शनात माझा लॅपटॉप तिसऱ्या दिवशी बंद पडला. स्पीकरमधून सतत घूं असा आवाज येत होता. शेवटच्या आठवड्यात जाऊन बघतो तर कोणीतरी आवाज जवळजवळ बंदच करून ठेवलेला. रेसिडेन्सीचे (कलाकाराला काही काळ राहून काम करू देणाऱ्या योजनांचे) सगळे अर्ज नामंजूर झाले. रेकॉर्डिंगही पातळ, पत्र्यासारखं लागतं. नोकरी सोडून पूर्ण वेळ यात उतरावं का? आधी पदव्युत्तर पदवी घ्यावी का? की हा नाद छंद म्हणूनच ठेवावा?

उत्तर

नोकरी सोडू नका, निदान पुढचं वर्ष-दीड वर्ष तरी. छंद म्हणून ठेवायचीही गरज नाही. तुमच्या पत्रात पाच-सहा वेगवेगळ्या तक्रारी दिसतात, पण घोडं एकाच ठिकाणी अडलंय: तुमचं काम अजून तुमच्या हाताला धरून चालतंय. ध्वनिकलेत ज्यांचं बरं चाललंय त्यांचं काम ते खोलीत नसताना रोज सकाळी आपोआप सुरू होतं. अनोळखी तंत्रज्ञ नुसता कागद वाचून ते दुसऱ्या शहरात उभं करू शकतो, आणि उभं करायचे पैसे कोण देणार हे आधीच लिहून ठरलेलं असतं. प्रतिभा लागतेच, पण तिच्याविषयी सल्ला देता येत नाही. या बाकीच्या गोष्टींविषयी देता येतो.

मॅक्स न्यूहाउस यांचं उदाहरण घ्या. ते मुळात तालवादक. १९७७ साली त्यांनी न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये भुयारी रेल्वेच्या हवेच्या जाळीखाली एक आवाज बसवला. तो चोवीस तास चालायचा आणि त्याची पाटीही कुठे नव्हती. १९९२ मध्ये तो बंद झाला आणि पुन्हा ऐकू आला तो थेट २००२ मध्ये, तेव्हापासून डिया आर्ट फाउंडेशन ही कलासंस्था त्याची देखभाल बघतं. एवढं नावाजलेलं काम मधली दहा वर्षं मुकं होतं.

आता पातळ रेकॉर्डिंग. ही सगळ्यांत सोपी तक्रार आहे आणि तिचं कारण बहुधा पुलात नाही, रेकॉर्डरच्या इनपुटमध्ये आहे. बाजारात मिळणारी २७ मिलिमीटरची पिएझो चकती विजेच्या दृष्टीने साधारण २० नॅनोफॅरडचा कपॅसिटर असते. ती ज्या इनपुटला जोडाल त्याच्या रोधाबरोबर तिचा हाय-पास फिल्टर, म्हणजे खालचे सूर अडवणारी चाळणी, तयार होतो. लाइन इनपुटचा रोध बहुतेक वेळा १० किलोओहमच्या आसपास असतो. मग ८०० हर्ट्झच्या खालचं सगळं उतरू लागतं आणि १०० हर्ट्झला पोचेपर्यंत १८ डेसिबल गेलेले असतात. माइक इनपुटला, म्हणजे सुमारे २ किलोओहमला जोडलीत तर हीच सीमा ४ किलोहर्ट्झवर जाते. पुलाचा सगळा गाभा तिथेच गळून पडतो आणि हातात उरतो तो पत्रा. नंतर इक्वलायझरने खालचे सूर वर ओढले तर त्यांच्याबरोबर खरखर आणि विजेची गुणगुणही वर येते.

उपाय एकच: पिएझोला १ मेगाओहम किंवा त्याहून जास्त इनपुट रोध द्या. तेवढ्याने सीमा ८ हर्ट्झवर उतरते. यासाठी एक जेफेट (एक प्रकारचा ट्रान्झिस्टर) आणि मोजके रोधक-कपॅसिटर यांचा छोटा बफर, म्हणजे चकती आणि रेकॉर्डर यांच्यामधलं मध्यस्थ सर्किट, पुरतो. बनवायचा नसेल तर गिटारसाठीचा, १ मेगाओहम इनपुट असलेला अॅक्टिव्ह डीआय बॉक्स (वाद्याचा सिग्नल रेकॉर्डरला जुळवून देणारी डबी) घ्या. बफर चकतीपासून मीटरभराच्या आत ठेवा, पुढची केबल बॅलन्स्ड (सिग्नलच्या दोन तारांची, वाटेतली गुणगुण रद्द करणारी) असली की बरीच लांब न्या. बफर नसेल तर रेकॉर्डरचं ४८ व्होल्ट फँटम (माइकला केबलमधून मिळणारी वीज) बंद ठेवा. चकतीवर जोरात ठोका बसला की ती कित्येक व्होल्टची उसळी मारते, म्हणून बफरच्या तोंडाशी उलटसुलट जोडलेले दोन डायोड टाकून ठेवा.

तारा जोडायला डाग देताना सोल्डरिंग आयर्न चकतीच्या चंदेरी थरावर दोन सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नका. तो थर सोलून निघतो आणि जास्त तापलं तर सिरॅमिकची संवेदनाच मरते. तारा आधीच जोडलेल्या चकत्या मिळतात, त्या घेतलेल्या बऱ्या. चिकटवायला जाड फोमची दुपदरी टेप वापरत असाल तर तारसप्तक तीच खाऊन टाकते. लोखंडावर पातळ मेण किंवा छोटा क्लॅम्प, तारेवर घट्ट चिमटा. दाब जितका पक्का तितका आवाज भरीव. आणि केबल हलली की तिचा स्वतःचा धपधप आवाज येतो, तेव्हा पहिला हातभर भाग त्याच लोखंडाला बांधून टाका.

आता मोठा विषय. गेल्या वर्षी प्रदर्शनात जे झालं ते नशीब म्हणून सोडून देऊ नका, कारण यातली एकही गोष्ट अनपेक्षित नव्हती.

कलादालनात संध्याकाळी मुख्य स्विच बंद होतो आणि सकाळी चालू होतो. कर्मचाऱ्याकडून यापेक्षा जास्त काही अपेक्षिणं चूक आहे. लॅपटॉपला ही वागणूक सोसत नाही. तो झोपतो, अपडेट मागतो, पासवर्डपाशी थांबतो, बॅटरी फुगते. तेव्हा सहा आठवड्यांच्या कामात लॅपटॉप नकोच. फाइल ठरलेली असेल तर वीज आली की आपोआप वाजवायला लागणारा मीडिया प्लेअर घ्या. काम स्वतःहून बदलत राहणारं असेल तर रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक आणि त्यावर प्युअर डेटा किंवा सुपरकोलायडर हा ध्वनिनिर्मितीचा प्रोग्राम, सोबत आठ आउटपुटचं, वेगळा ड्रायव्हर न मागणारं यूएसबी इंटरफेस (संगणकातला आवाज स्पीकरकडे पाठवणारी पेटी). अशा छोट्या संगणकाचं मेमरी कार्ड वीज अचानक गेल्यावर बिघडतं, कारण नेमकं तेव्हा कार्डवर काहीतरी लिहिलं जात असतं. म्हणून सेटिंगमधली ओव्हरले फाइल सिस्टीम चालू करा. मग कार्डवर काही लिहिलंच जात नाही आणि रोज वीज तोडली तरी ते टिकतं. हार्डवेअर वॉचडॉगही चालू ठेवा, म्हणजे प्रोग्राम गोठला तर यंत्र स्वतःच पुन्हा सुरू होईल. त्याच कार्डाच्या दोन तयार प्रती लिफाफ्यात घालून कलादालनाच्या टेबलाच्या खणात ठेवा.

चालू होण्याचा क्रमही ठरवावा लागतो. स्पीकर सगळ्यांत शेवटी चालू आणि सगळ्यांत आधी बंद, नाहीतर इंटरफेस जागा होताना बसणारा ठोका आठही स्पीकरमधून जातो आणि कधीतरी एखादा ट्वीटर (स्पीकरमधला उंच सुरांचा भाग) घेऊन जातो. कर्मचाऱ्याने हा क्रम पाळावा अशी आशा ठेवण्यापेक्षा स्पीकरच्या वाटेत वेळ लावणारा रिले किंवा पॉवर सिक्वेन्सर बसवा. प्रोग्राममध्ये पहिलं मिनिट पूर्ण शांतता, मग आवाज हळूहळू वर.

स्पीकर निवडताना एक गोष्ट हमखास राहून जाते. बऱ्याच अॅक्टिव्ह स्पीकरमध्ये वीज वाचवण्यासाठी स्वयंचलित झोप असते. काही मिनिटं आवाज अगदी हळू आला की स्पीकर झोपतो, आणि पुढचा हळू आवाज त्याला उठवायला पुरत नाही. तुमच्यासारख्या, टाकीतला थेंब नि तारेची कंपनं ऐकवणाऱ्या कामात रचनेचा निम्मा भाग असाच गायब होईल आणि प्रेक्षकाला वाटेल, हे असंच आहे. मागच्या बाजूला ही सोय बंद करायचा खटका आहे का ते बघूनच स्पीकर घ्या किंवा भाड्याने मागा.

फाइलचं गणितही आधी करा. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, आठ चॅनेल म्हणजे सेकंदाला ११,५२,००० बाइट. साध्या वेव्ह फाइलची मर्यादा सुमारे ४.२९ अब्ज बाइटची, म्हणजे साधारण ६२ मिनिटांत ती भरते. तुमची रचना ७० मिनिटांची असेल तर ती आरएफ६४ या मोठ्या फाइलसाठीच्या स्वरूपात ठेवा किंवा दोन तुकडे करा. नाहीतर काही प्लेअर शेवटचा भाग गुपचूप गाळतात. पुन्हा पुन्हा वाजणाऱ्या फाइलसाठी एमपी३ वापरू नका. एन्कोडर फाइलच्या सुरुवातीला आणि शेवटी थोडी शांतता घुसवतो, त्यामुळे दर फेरीला बारीक अडखळ ऐकू येते.

आठ चॅनेल आठ स्वस्त प्लेअरवरून वाजवायचा मोह होतो, तोही टाळा. प्रत्येकाचं घड्याळ किंचित वेगळं असतं. दोन प्लेअरमध्ये दहा लाखात ५० एवढा फरक असला तरी तासाला १८० मिलिसेकंद होतात आणि आठ तासांच्या दिवसात जवळपास दीड सेकंद. आवाज एकमेकांपासून स्वतंत्र असतील तर हरकत नाही. एकच ठोका पुलाच्या एका टोकाकडून दुसऱ्याकडे जायचा असेल तर सगळे चॅनेल एकाच इंटरफेसमधूनच निघायला हवेत.

घूं आवाजासाठी तपासणी या क्रमाने करा. स्पीकरची सिग्नल केबल काढा. आवाज गेला तर दोष मागच्या साखळीत आहे. मग लॅपटॉप चार्जरवरून काढून बॅटरीवर चालवा. तेवढ्याने गेला तर चार्जरच्या अर्थिंगमधून ग्राउंड लूप, म्हणजे अर्थिंगच्या तारांचं बंद वर्तुळ, तयार झालाय. तुमच्या मागच्या प्रदर्शनात हेच झालं असण्याची शक्यता मोठी, कारण स्पीकर खोलीच्या चार भिंतींवरच्या चार वेगळ्या सॉकेटना लावले जातात आणि प्रत्येक जागी अर्थिंगची पातळी थोडी वेगळी असते. सगळी वीज एकाच ठिकाणाहून घ्या. पाच इंची आठ स्पीकरचा भार एका सर्किटला जड नाही. केबल दोन्ही टोकांना बॅलन्स्ड ठेवा. तरीही राहिला तर वाटेत ट्रान्सफॉर्मर आयसोलेटर टाका. प्लगची अर्थ पिन कापायचा सल्ला कोणीतरी हमखास देईल. त्याला वायरींना हात लावू देऊ नका. आणि यूएसबी २ ची केबल पाच मीटरपेक्षा लांब नको. इंटरफेस संगणकाजवळ ठेवून पुढची लांबी बॅलन्स्ड केबलनेच गाठा.

आवाज बंद करणाऱ्या माणसावर तुम्ही रागावलात हे पत्रावरून कळतं. पण तो माणूस त्या खोलीत दिवसाचे आठ तास बसतो, प्रेक्षक सात मिनिटं. कानाला इजा होण्याची पातळी (आठ तासांसाठी ८५ डेसिबल) तुमचं काम गाठतही नसेल, तरीही दर चार मिनिटांनी येणारा तोच टणत्कार सहा आठवडे ऐकणं हा छळच आहे. बसण्याच्या जागेवर सरासरी ६० ते ६५ डेसिबलच्या वर जाऊ नका. रचनेत खऱ्या शांततेचे लांब तुकडे ठेवा. एकच मोठी फेरी करण्याऐवजी वेगवेगळ्या लांबीचे थर एकमेकांवरून सरकू द्या, म्हणजे तेच संयोग पुन्हा पुन्हा येत नाहीत. रिसेप्शनच्या सर्वांत जवळच्या स्पीकरमधून ठोके काढून टाका. आणि पहिल्याच दिवशी त्या माणसाला खोलीत बसवून विचारा: कुठला आवाज नको? त्याने सांगितलेला एक आवाज कमी केलात तर उरलेले सगळे सहा आठवडे सुरक्षित राहतील.

पातळी कागदावर अशी लिहा की दुसऱ्याला ती जशीच्या तशी लावता यावी. प्रत्येक स्पीकरमधून एकेक करून पिंक नॉइज (चाचणीसाठी वापरतात तो एकसारखा खळखळाट) वाजवायचा, खोलीच्या मध्यावर कानाच्या उंचीला मीटर धरायचा आणि सगळे एकाच आकड्यावर, एक डेसिबलच्या आत आणायचे. आठ स्पीकरमधून वेगवेगळे आवाज एकाच वेळी चालले की बेरीज ९ डेसिबलने वाढते हे धरून तो आकडा ठरवा. मग स्पीकरच्या मागची बटणं जिथे असतील तिथे टेप मारून टाका.

हे सगळं जमलंय का, याची परीक्षा घरीच घ्या. पूर्ण साखळी सात दिवस अखंड चालवा आणि रोज दोन-तीनदा, मनाला येईल तेव्हा प्लग उपटा. प्रत्येक वेळी हात न लावता आवाज परत आला तरच ते काम घराबाहेर काढा.

त्यानंतर दोन कागद तयार होतात आणि तुमचं करिअर बरंचसं त्यांवर चालतं. पहिला तांत्रिक रायडर: खोलीचा आराखडा मापांसह, स्पीकरच्या जागा आणि उंची, कुठल्या आउटपुटमधून कुठल्या स्पीकरला काय जातं, विजेचा भार, तुम्ही काय आणणार, त्यांनी काय द्यायचं, मांडायला किती दिवस नि किती माणसं लागतील. यात 'चांगले स्पीकर' असं लिहू नका. 'पाच इंची वूफर, ५० हर्ट्झपर्यंत उतरणारे, झोप बंद करता येणारे, आठही एकाच मॉडेलचे' असं लिहा. दुसरा कागद कर्मचाऱ्यासाठी, एकाच पानाचा, मोठ्या अक्षरात: चालू कसं करायचं, बंद कसं करायचं, आवाज नाही आला तर पहिल्यांदा काय बघायचं, मग काय, आणि शेवटी कोणाला फोन. हा कागद या विषयातलं ओ की ठो न कळणाऱ्या माणसाला देऊन त्याच्याकडून एकदा काम चालू करून घ्या. तो जिथे अडेल तिथे चूक कागदाची.

संग्रहालयं ध्वनिकाम विकत घेतात तेव्हाही मुख्यतः याच गोष्टी घेतात. मूळ फाइल, मांडणीच्या सूचना, कुठली यंत्रं बदलली तर चालतील आणि कुठली नाहीत याची नोंद, आणि प्रमाणपत्र. प्रती ठरवून विकल्या जातात, बहुधा तीन ते पाच, वर कलाकाराची एखादी. तुमचं काम स्वतःहून बदलणारं असेल तर प्रोग्रामची आवृत्ती, पॅचची (त्या प्रोग्राममध्ये तुम्ही केलेल्या जोडणीची) छापील चित्रं आणि त्याच कामाचं निदान चोवीस तासांचं ध्वनिमुद्रण जपून ठेवा. पंधरा वर्षांनी तो पॅच उघडेलच याची खात्री कोणी देऊ शकत नाही. वेव्ह फाइल मात्र उघडेल.

आता अर्ज. तुम्ही पत्रासोबत पाठवलेला अर्जही वाचला. त्यात ४२ मिनिटांची फाइल आहे आणि पहिलं वाक्य असं: 'हे काम धातूच्या स्मृतीचा आणि अनुपस्थितीच्या अवकाशाचा शोध घेतं.' यावरून ऐकणाऱ्याला काय ऐकू येणार आहे याचा पत्ता लागत नाही, आणि एका बैठकीत ढिगाने अर्ज ऐकणारी समिती तिथेच पुढे सरकते. हेच असं लिहून बघा: 'वापरात नसलेल्या ३० मीटर लांबीच्या रेल्वेपुलाच्या आठ तुळयांना आठ पिएझो लावले आहेत. सकाळपासून दुपारपर्यंत पोलाद २० अंशांनी तापतं आणि पूल सुमारे ७ मिलिमीटर वाढतो. त्या ताणातून निघणारे टणत्कार आठ स्पीकरमधून, तुळयांच्याच क्रमाने ऐकू येतात.' स्मृती आणि अनुपस्थिती वाचणारा स्वतः काढून घेईल.

फाइल तीन मिनिटांची करा, आणि सगळ्यांत जोरकस भाग पहिल्या अर्ध्या मिनिटात आला पाहिजे. पाच मिनिटं हळूहळू उलगडणारी सुरुवात प्रत्यक्ष खोलीत शोभते, अर्जात मारक ठरते. समितीतले लोक बहुधा हेडफोनवर किंवा चक्क लॅपटॉपच्या स्पीकरवर ऐकतात. तेव्हा आठ चॅनेलचं नुसतं गणिती स्टिरिओ मिश्रण देण्याऐवजी मांडलेल्या खोलीत बायनॉरल माइकने (दोन कानांच्या जागी दोन माइक) केलेलं रेकॉर्डिंग द्या, आणि लॅपटॉपवर वाजवून बघा की काही शिल्लक राहतंय का. व्हिडिओचा आवाज कॅमेऱ्याच्या माइकचा नको. वेगळ्या रेकॉर्डरवर घेऊन नंतर जुळवा, आणि कॅमेरा एका जागी ठेवा. फिरणारा कॅमेरा नि स्थिर आवाज यांचं जमत नाही.

कुठे अर्ज करायचा हेही जागेकडे बघून ठरवा. स्टॉकहोमचा ईएमएस हा इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ (१९६४ पासूनचा) बुकला आणि सर्ज या कंपन्यांच्या जुन्या सिंथेसायझरांसाठी ओळखला जातो. तुमच्या पुलांना त्याची गरज आहे का? पॅरिसच्या जीआरएम या ध्वनिसंशोधन संस्थेकडे आकुस्मोनियम आहे, १९७४ साली फ्रान्स्वा बेल यांनी घडवलेला स्पीकरांचा वाद्यवृंद. अनेक स्पीकरवर विचार करणाऱ्या माणसाला तिथे का जायचंय हे दोन ओळींत सांगता येईल. जर्मनीत कार्ल्सरूहला असलेल्या झेडकेएम या कला-माध्यम केंद्राचंही तसंच. ज्या जागेच्या यंत्रांचं, खोलीचं किंवा माणसांचं नाव अर्जात घेता येत नाही तिथे अर्ज करण्यात वेळ घालवू नका. सगळीकडे एकच मजकूर पाठवल्याचं दोन परिच्छेदांत ओळखू येतं.

पैशांचा हिशेब एका रकमेत मागू नका. मानधन वेगळं, निर्मितीखर्च वेगळा, यंत्रांचं भाडं वेगळं, मांडणीचे दिवस, प्रवास-मुक्काम, वाहतूक-विमा, सहा आठवड्यांची देखभाल आणि चित्रीकरण-ध्वनिमुद्रण हे सगळं स्वतंत्र. एकच आकडा दिला की कपात होते ती नेमकी मानधनातून, कारण बाकीच्या गोष्टींची बिलं येतात. कॅनडात १९८८ पासून कायद्यातच दृश्यकलाकाराला प्रदर्शनाचा हक्क आहे आणि कारफॅक ही कलाकारांची संघटना किमान दरांचं पत्रक काढते. अमेरिकेत वेज ही संघटना संस्थेच्या वार्षिक खर्चाच्या प्रमाणात किमान मानधन सुचवते. दोन्हींची पत्रकं उघडून बघा. तिथले आकडे तुम्हाला लागू नसतील, पण कोणत्या कामाचं वेगळं मानधन मागायचं असतं ते कळेल.

या कलादालनाबद्दल आमचं मत कडक आहे. मानधन नाही आणि आठ स्पीकर बेचाळीस दिवस तुमचे, म्हणजे त्यांच्या प्रदर्शनाचा खर्च तुम्ही उचलताय. एक साधी कसोटी लावा: तिथला इलेक्ट्रिशियन, छपाईवाला, रंगारी यांना पैसे मिळतायत का? मिळत असतील तर तुम्हालाही मिळायला हवेत. कलाकारांनीच चालवलेली, कोणीच पैसे न घेणारी जागा असेल तर गोष्ट वेगळी. तिथे पदरमोड करायची की नाही हा तुमचा प्रश्न, पण मग आठाऐवजी चार स्पीकर आणि सहाऐवजी दोन आठवडे करा.

करारात या गोष्टी आल्याच पाहिजेत: हे काम फक्त या जागेत, या तारखांपुरतं, सगळे हक्क तुमच्याकडे, प्रसिद्धीसाठी ६० सेकंदांपर्यंतचा तुकडा वापरायची परवानगी, निर्मितीखर्च मांडणीच्या आधी आणि मानधनाचा निम्मा भाग सही झाल्यावर, आवाजाची पातळी तुम्हाला विचारल्याशिवाय बदलायची नाही, बंद पडलं तर किती तासांत कोण बघणार. रचना आणि तिचं ध्वनिमुद्रण हे दोन वेगळे हक्क असतात, दोन्हींचा उल्लेख हवा. तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये ओळखू येईल असं कोणाचं बोलणं असेल तर त्या माणसाची लेखी संमती घ्या किंवा तो तुकडा काढा.

नोकरीकडे परत येऊ. महोत्सव आणि कलादालनं वर्ष-दीड वर्ष आधी कार्यक्रम ठरवतात, शिष्यवृत्त्यांचे निकाल कित्येक महिन्यांनी लागतात, बिल दिल्यावर पैसे यायला आणखी महिना-दोन महिने जातात. आज राजीनामा दिलात तर आज केलेल्या अर्जाचा पैसा पुढच्या वर्षाअखेरीस दिसेल. त्याआधी चार दिवसांचा आठवडा मागून बघा. पगार थोडा घटेल, पण सलग तीन दिवस मिळतील, आणि रेकॉर्डिंगला रात्रींपेक्षा सलग दिवसच लागतात. पगार देणाऱ्या कामाची लाज वाटून घेऊ नका. नामवंत अमेरिकन प्रयोगशील संगीतकार अॅल्विन लुसिए चार दशकं वेस्लियन विद्यापीठात शिकवत होते, तशाच संगीतकार पॉलिन ऑलिव्हेरोस यांनीही सॅन दिएगोच्या विद्यापीठात बरीच वर्षं शिकवलं. तुमच्या हातात संपादनाचं कसब आहे. नाटक, नृत्य, संग्रहालयांच्या ध्वनिफिती यांना ते लागतं आणि ते लोक जाहिरातवाल्यांपेक्षा तुमच्या पुलांमध्ये रस घेतात. ओळीने दोन मानधनाची कामं हातात आली आणि आठ-दहा महिन्यांचा खर्च बाजूला पडला की राजीनाम्याचा विचार करा.

पदवीचं म्हणाल तर शिकवायची नोकरी हवी असेल तरच. तंत्र तुम्हाला येतं, आणि नुसत्या ओळखींसाठी दोन वर्षांची फी महाग पडते. रेकॉर्डिंग विकून काय मिळेल असंही मनात येत असेल, तर त्याचं उत्तर एका वाक्यात: भेटकार्डासारखं वापरा, उत्पन्नात धरू नका.

कलादालनाला या आठवड्यात असं कळवा: 'आमंत्रणाबद्दल आभार. आठ स्पीकरच्या सहा आठवड्यांच्या मांडणीचं अंदाजपत्रक सोबत जोडलं आहे, मानधन आणि खर्च वेगवेगळे दाखवले आहेत. एवढी तरतूद शक्य नसेल तर चार स्पीकरची, दोन आठवड्यांची मांडणी सुचवतो. तिचं अंदाजपत्रकही जोडलं आहे. दोन्हींत स्पीकर आणि केबल कलादालनाने भाड्याने घ्यायच्या आहेत, तांत्रिक रायडर सोबत आहे. तारखा माझ्याकडे पंधरा दिवस राखून ठेवतो.' सोळाव्या दिवसापर्यंत लेखी उत्तर आलं नाही तर त्या तारखा मोकळ्या करा, आणि फोनवर 'बघू, जमवू' असं म्हणाले तरी ते ईमेलवर मागा.